आदल्या रात्रीची गोळी

घाटात गाडी लागणं ही एके काळी चारचौघांत घडणारी गोष्ट होती. लाल एसटीत कुणीतरी अचानक खिडकीकडे झेपावे, त्याच्या मागच्या रांगेतली माणसं लगबगीनं काचा ओढून घेत आणि कंडक्टर तिकिटांचा चिमटा वाजवता वाजवताच ओरडे, "डोकं आत घ्या, समोरून गाडी येतेय!" मग कुणी अनोळखी आजीबाई पिशवीतून लिंबू काढून पुढे करत, कुणी पाण्याची बाटली देई, आणि पुढच्या थांब्यावर चूळ भरायला गाडी दोन मिनिटं जास्त उभी राही. ज्याला गाडी लागली त्याला लाज वाटायची, पण एकटं वाटत नसे.

एसटी पहिल्यांदा धावली १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर, म्हणजे बऱ्यापैकी सपाटीवरून. तिच्या प्रवाशांची खरी परीक्षा सुरू झाली ती कोकणात उतरताना. कराडहून चिपळूणला जायचं तर कुंभार्ली, कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा, भोरहून महाडला वरंधा, महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी. मुंबईची मंडळी गावी निघाली की पोलादपूर सोडल्यावर कशेडी सुरू होई आणि गाडीतल्या गप्पा हळूहळू थांबत. वळणं, डिझेलचा वास, तापलेलं रेक्झिन आणि कुणीतरी नेमका त्याच वेळी उघडलेला भज्यांचा पुडा, इतकं जमलं की भल्याभल्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते भज्यांसाठी नसायचं.

म्हणून प्रवासाची तयारी आदल्या दिवशी सुरू होई. दुपारनंतर तळण बंद. रात्री मऊ भात आणि मेतकूट. बॅगा कितीही राहिल्या असल्या तरी मुलांना वेळेवर झोपवायचं. सकाळी पोट रिकामं ठेवायचं नाही आणि भरायचंही नाही. चहाबरोबर अर्धी पोळी, बस्स. आणि रात्री झोपताना कपाटातल्या औषधांच्या डब्यातून निघे ती अव्होमिनची पट्टी. मोठ्यांना एक गोळी. मुलांना किती द्यायची हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवलेलं असे; त्याप्रमाणे आजी अंगठ्याच्या नखानं गोळी मोडून देई. बाकी दारूगोळा वरच्या पिशवीत: आलेपाक, आवळासुपारी, लिमलेटच्या गोळ्या, हुंगायला लिंबू. काही घरांत सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसायची पद्धत होती. त्यामुळे गाडी लागत नाही अशी ठाम समजूत होती. तिला आधार काही नाही, पण त्या कागदाचा नंतर दुसरा उपयोग व्हायचा.

जागेचंही शास्त्र होतं. चाकावरची नको, मागची तर नकोच नको, ड्रायव्हरच्या मागची मिळाली तर देव पावला. "बाहेर बघ, लांब डोंगराकडे बघ, पुस्तक काढू नकोस," हे वाक्य प्रत्येक घरात होतं. ड्रायव्हरला कधी गाडी लागत नाही, हे आम्हा मुलांना मोठं कोडं वाटे. त्याचं उत्तर कानात आहे. आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगत असतो की शरीर डावीकडे झुकतंय, वर उचललं जातंय. डोळे जर त्याच वेळी समोरच्या सीटच्या पाठीकडे किंवा पुस्तकाकडे असतील, तर ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन परस्परविरोधी साक्षींतून मळमळ उभी राहते. ड्रायव्हरला पुढचं वळण आधीच दिसतं, म्हणून त्याच्या डोळ्यांची आणि कानाची साक्ष जुळते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त, त्याहून लहान बाळांना क्वचित. मोठ्यांमध्ये बायकांना आणि अर्धशिशी असणाऱ्यांना अधिक. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी तिच्या सूचना बहुतेक बरोबर होत्या.

माझ्या आधीच्या पिढीची परीक्षा याहून कठीण. त्यांना गाडी लागत नसे, बोट लागे. भाऊच्या धक्क्यावरून 'रोहिणी', 'चंपावती' किंवा नंतरच्या 'कोकण सेवक'मध्ये बसायचं. आपलं बंदर आलं की भर समुद्रात आगबोटीतून पडावात उतरायचं. डेकवर पथारी टाकून पडलेली माणसं रात्रभर कण्हत असत आणि उपाय एकच असे: डोळे मिटून पडून राहा. योगायोग असा की याच आगबोटींच्या काळात, १९४७ मध्ये, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर हे दोन डॉक्टर अ‍ॅलर्जीसाठी एक नवं औषध तपासत होते. गांध्या उठतात म्हणून ते औषध घेणाऱ्या एका बाईनं सांगितलं की आता ट्राममध्ये मळमळत नाही. मग अटलांटिक ओलांडणाऱ्या 'जनरल बालू' या जहाजावरच्या सैनिकांना ते देऊन पाहिलं गेलं. ते औषध म्हणजे डायमेनहायड्रिनेट, परदेशात ड्रामामिन नावानं घरोघरी पोचलेलं. आपली अव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, त्याच अ‍ॅलर्जीच्या औषधांच्या घराण्यातली. कशेडीच्या घाटासाठी आजी जे औषध देत होती, त्याचंच इंजेक्शन पुढे स्पेस शटलमधल्या अंतराळवीरांना मळमळीवर दिलं गेलं, हे तिला कळलं असतं तर तिनं डब्याला कुलूप लावलं असतं.

आता ते घाट पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि निम्म्या कोकणानं घाट सोडला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आला, कशेडीला बोगदा झाला. गाड्या थंड, काचा बंद, डिझेलचा वास नाही. तरी मळमळ गेलेली नाही, फक्त जागा बदलून बसली आहे. मागच्या सीटवरच्या मुलाच्या हातात मोबाईल असतो. डोळे स्थिर पडद्यावर, कान वळणात. मोठी माणसं शहरातल्या गर्दीत, गाडी क्षणाक्षणाला थांबत-निघत असताना लॅपटॉप उघडून बसतात. "बाहेर बघ" म्हणणारं कुणी उरलेलं नाही, कारण म्हणणाराही खालीच बघतो आहे.

गोळीच्या बाबतीत याहून मोठा फरक पडला. पूर्वी गोळी एक होती आणि तिची वेळ ठरलेली होती. आता गोळ्या अनेक आहेत आणि वेळ कुणालाच माहीत नाही. खोपोली ओलांडल्यावर पोरगं पांढरं पडलं की गाडी थांबते, कुणीतरी औषधाच्या दुकानात धावतं आणि म्हणतं, "उलटीची गोळी द्या." तोवर उशीर झालेला असतो. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गिळलेली गोळी तिथेच पडून राहते आणि बऱ्याचदा तशीच बाहेर येते. पाऊस सुरू झाल्यावर कौलं चाळायला छपरावर चढण्यासारखंच हे. प्रोमेथाझिन घ्यायचं ते लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना, किंवा जवळच्या प्रवासाला निघण्याआधी एक ते दोन तास. सर्वसाधारण मोठ्या माणसाला २५ मिलीग्रॅमची एक गोळी पुरते.

दुकानदार अशा वेळी देतो ती बहुतेकदा ऑन्डान्सेट्रॉन, जिभेवर विरघळणारी. औषध उत्तम, पण घाटासाठी नव्हे. मेंदूतल्या वांतीच्या केंद्राकडे अनेक वाटांनी निरोप जातात. कानाकडून येणारा निरोप हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिनच्या वाटेनं जातो. ती वाट प्रोमेथाझिनसारखी औषधं अडवतात. बिघडलेल्या पोटाकडून किंवा केमोथेरपीमुळे दुखावलेल्या आतड्याकडून येणारा निरोप सेरोटोनिनच्या वाटेनं जातो. तिथे ऑन्डान्सेट्रॉन पहारा देतं. घाटात ते दिलं तर पहारा भलत्याच दारावर बसतो. तसंच, झोप येऊ नये म्हणून कुणी सेटिरिझिनसारखं हल्लीचं अ‍ॅलर्जीचं औषध घेऊ पाहील, तर ते मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून झोपही आणत नाही आणि गाडी लागणंही थांबवत नाही.

ही झोप म्हणजे जुन्या गोळीचं मोल होतं. एसटीत ते परवडे; गाडी चालवणारा दुसराच होता, आपण आईच्या मांडीवर. आज घरातल्या कर्त्या माणसाच्याच हातात स्टिअरिंग असतं. प्रोमेथाझिन घेऊन गाडी चालवायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही गुंगी असेल तर नाहीच; त्यावर दारू तर मुळीच नको, झोपेच्या गोळ्याही नकोत. काचबिंदू असलेल्यांनी, प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. म्हातारपणी गुंगीत तोल जाऊन पडण्याची भीती वेगळीच. आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ती द्यायचीच नाही, कारण श्वास मंदावू शकतो. "थोडीशी द्या, झोपेल तरी शांत," हा जुना सल्लाही होता, आणि तो तेव्हाही धोक्याचा होता. जुन्यातलं सगळंच जपण्याजोगं नसतं.

याची सगळ्यात कडू आठवण डोहाळ्यांच्या औषधाची. आमच्या घरात पहिलटकरणीला सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी कोरडे कुरमुरे नाहीतर लाह्या देत, दुपारी आवळ्याची फोड, आल्याचा रस. "बाळ अंगी लागतंय," म्हणून ओकाऱ्यांचं कौतुकही होई. औषध नको असा घरच्या बायकांचा हट्ट होता आणि त्या काळात जगात जे घडत होतं ते पाहता तो हट्ट निव्वळ अडाणीपणाचा म्हणता येत नाही. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये थॅलिडोमाइड बाजारात आलं. निर्धोक म्हणून गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं. १९६१च्या अखेरीस ते मागे घेतलं जाईपर्यंत अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी रोखून धरली आणि तिथली हजारो घरं वाचली.

त्या धसक्यानं चांगलं औषधही काही काळ बदनाम झालं. डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्व एकत्र असलेली गोळी अमेरिकेत कंपनीनं कोर्टकचेऱ्यांना कंटाळून १९८३ मध्ये मागे घेतली. एवढ्या वर्षांच्या अभ्यासांत तिचा बाळाला अपाय दिसला नाही, म्हणून २०१३ मध्ये तिला तिथे पुन्हा मान्यता मिळाली. आपल्याकडे आज हीच गोळी डॉक्टर सहसा पहिल्यांदा लिहून देतात. ती सावकाश विरघळते आणि साधारणपणे रात्री झोपताना घ्यायची असते, म्हणजे सकाळच्या मळमळीवरचा उपाय आदल्या रात्री. अंथरुणातल्या कोरड्या लाह्या आणि ही गोळी, दोघींचं तत्त्व एकच. फक्त एक जुनी समजूत सोडायला हवी: पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद होते, वजन उतरतं, तेव्हा ते कौतुकाचे डोहाळे नसतात. तेव्हा दवाखाना.

तेव्हा आणि आता यांतलं सर्वांत मोठं अंतर कॅन्सरच्या वॉर्डात पडलं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सिस्प्लॅटिननं काही कॅन्सर बरे होऊ लागले, पण त्याच्या उलट्या इतक्या भयंकर की दुसऱ्या खेपेला रुग्ण दारातच ओकू लागे. नुसत्या वासानं, नुसत्या आठवणीनं. केमोथेरपी म्हणजे परळच्या धर्मशाळेत टमरेल उशाशी घेऊन काढलेल्या रात्री, असं चित्र गावोगाव गेलं आणि कितीतरी माणसं उपचार अर्धवट टाकून परतली. ऑन्डान्सेट्रॉनला १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्र पालटायला लागलं. पुढे अ‍ॅप्रेपिटंट आलं, डेक्सामेथासोनची जोड मिळाली, आणि ओलान्झापिन हे मूळचं मानसिक आजारांवरचं औषध मळमळीवर फार गुणकारी ठरलं. त्याची अडचण पुन्हा तीच, झोप. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० ऐवजी अवघ्या २.५ मिलीग्रॅममध्येही काम तितकंच भागतं आणि गुंगी कमी येते, असं दिसून आलं.

यातल्या बहुतेक औषधांत एक गोष्ट समान आहे: सलाईन लावायच्या आधी ती पोटात किंवा शिरेत गेलेली असतात. उलटी होऊ द्यायची आणि मग थांबवायची, हा काळ संपला. घरी दिलेल्या पुढच्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्याही "आता बरं वाटतंय" म्हणून सोडायच्या नसतात; काही औषधांची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उसळते.

सोपेपणाची किंमत मात्र आपण दुसरीकडे मोजतो आहोत. पूर्वी उलटीचं औषध डॉक्टरांच्या अक्षरातून येई, आता ते पित्ताच्या कॅप्सूलमध्ये लपून येतं. पहाटे उपाशीपोटी घेतली जाणारी ती लोकप्रिय कॅप्सूल पाहा: पँटोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन, तेही दिवसभर पुरेल असं. महिनोन्‌महिने लोक ती घेतात आणि वरून मळमळलं की डोम्पेरिडोनची आणखी गोळी. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असल्यानं मोठ्यांनी दिवसाला ३० मिलीग्रॅमच्या वर जाऊ नये आणि सहसा आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नये. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं, फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं सोबत आली की धोका वाढतो. ऑन्डान्सेट्रॉनलाही हृदयाची ही काळजी लागू आहे. म्हणून दुकानात गोळी मागताना आपण आधी काय काय घेतो ते सांगायला हवं, आणि पट्टीवरचं मोठं नाव सोडून खालच्या बारीक अक्षरातलं घटक-नाव वाचायला हवं.

मेटोक्लोप्रामाइड या उलटीवरच्या औषधाची गोष्ट जुन्या माणसांनी वेगळ्या नावानं ऐकली असेल. तापाच्या, उलट्यांच्या आजारात इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी पोराची मान एकीकडे वळली, डोळे वर गेले, जबडा धरला. घरचे अंगारा शोधायला धावले. ती बाधा औषधाची असे. लहान मुलांत आणि तरुणांत हे अधिक दिसतं. योग्य इंजेक्शन मिळालं की थोड्याच वेळात मान सरळ होते, आणि त्या इंजेक्शनांपैकी एक पुन्हा आपल्या आजीच्या डब्यातलंच, प्रोमेथाझिन. तेव्हा मुलाला कुठलं औषध दिलं आहे ते ठाऊक नसेल तर डॉक्टरही चाचपडतात. चिठ्ठी जपून ठेवा.

लहानग्यांच्या जुलाब-उलट्यांत तर गोळीपेक्षा चमचा मोठा. कांजीच्या पाण्यापासून जलसंजीवनीपर्यंतचा प्रवास आपल्याच उपखंडातला आहे. १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. मोठा घोट दिला की तो परत येतो. ऑन्डान्सेट्रॉनचा एखादा डोस डॉक्टर देतात तो हे पाणी पोटात राहावं म्हणून, त्याऐवजी नव्हे. आणि काही उलट्या थांबवायच्याच नसतात, त्यांचं कारण शोधायचं असतं: डोक्याला मार लागल्यानंतरच्या, रक्ताच्या किंवा हिरव्या रंगाच्या, पोट दगडासारखं कडक झालेल्या, मान ताठरलेल्या, मूल सुस्त पडलेल्या. अशा वेळी गोळी देऊन शांत झोपवणं म्हणजे धोक्याची घंटा बांधून ठेवणं.

जुने दिवस बरे होते असं यातून निघत नाही. डेकवर कण्हत काढलेल्या रात्री, परळच्या धर्मशाळेतलं टमरेल, थॅलिडोमाइडची बाळं, यांतलं काहीही परत यावंसं वाटत नाही. जपायचा तो फक्त शिस्तीचा भाग. एक गोळी, तीही माहीत असलेली. घरातल्या कुणाला किती चालते ते कुणाच्या तरी ध्यानात. आणि त्रास होण्याआधी, आदल्या रात्री. आजची औषधं त्या एका गोळीपेक्षा कितीतरी चांगली आहेत, पण त्यांचा गुण यायचा तर याच तीन गोष्टी लागतात.

निघायच्या आदल्या रात्री आजी दारातून विचारी, "गोळी घेतलीस का रे?" आज गाडीत बसवताना आपणही विचारतो. त्या प्रश्नाला आता शेपूट जोडायला हवं: कुठली, किती, आणि कधी घेतलीस? आणि उत्तर देणाराच गाडी चालवणार असेल, तर किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यायची.